दुकान गूगलवर सापडावं म्हणून: पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी, पहिल्या पायरीपासून

कर्वेनगरला माझी मावशी ऑर्डरप्रमाणे उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून देते. तिची वेबसाइट करायची ठरली तेव्हा मी मजकूर आधीच लिहून नेला होता. पहिली ओळ होती, "अस्सल महाराष्ट्रीय मिष्टान्नांचे माहेरघर". मावशीने वाचलं, छान आहे म्हणाली, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून कुणी तरी विचारत होतं, "काकू, उद्या संकष्टी आहे. एकवीस मोदक मिळतील का? उकडीचे हवेत, तळणीचे नकोत."

माझ्या दोन पानी मजकुरात "उकडीचे" हा शब्द एकदाही आला नव्हता. संकष्टीही नव्हती, एकवीसही नव्हते. तो कागद मी तिथेच बाजूला ठेवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दोनशे पानी वही आणली.

तुमचं छोटं दुकान, क्लास, गॅरेज किंवा घरगुती उद्योग असेल, वेबसाइट अजून नसेल, किंवा असूनही तिच्यावरून एकही फोन येत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. क्रमाने करा. यातलं बरंचसं काम पैशांवाचून होतं, वेळ मात्र लागतो.

आधी वही

फोनजवळ वही ठेवा आणि महिनाभर येणारी प्रत्येक चौकशी तिच्यात उतरवा. गिऱ्हाइकाचं नाव नको. त्याने ज्या शब्दांत विचारलं ते शब्द हवेत, जसेच्या तसे. व्हॉट्सअॅपवरचे मेसेजही धरा. मावशीच्या वहीत महिन्याभराने जे जमलं ते असं होतं: "स्टीम मोदक आहेत का", "गूळखोबऱ्याचेच ना, साखरेचे नाही ना", "कोथरूडला घरपोच देता का", "सकाळी नऊला मिळतील का, नैवेद्याला हवेत", "किती आधी सांगावं लागतं", "फ्रिजमध्ये ठेवले तर टिकतात का".

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळे ज्याला एसईओ म्हणतात, त्याचा पाया हाच आहे. गूगलचा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसरीवर फिरत पानं वाचतो, वाचलेल्या पानांची नोंद ठेवतो, आणि कुणी काही शोधलं की त्या नोंदींतून जुळणारी पानं क्रमाने लावून दाखवतो. शोधणारा माणूस फोनवर बोलतो तेच शब्द मोबाइलवर टाइप करतो. ते तुमच्या पानावर नसतील, तर तुमचे मोदक कितीही लुसलुशीत असोत, गूगलला त्यांचा पत्ता लागणार नाही.

वही भरली की एका संध्याकाळी बसून तिच्यातल्या चौकशांचे दोन ढीग करा. "उकडीचे मोदक कसे करायचे" हे विचारणारा माणूस शिकायला आलेला असतो, "उकडीचे मोदक ऑर्डर" टाइप करणारा घ्यायला आलेला असतो. पहिल्या ढिगात रेसिपीवाल्यांची एवढी गर्दी आहे की तिथे शिरण्यात हशील नाही. दुसऱ्या ढिगात, त्यातही तुमच्या भागापुरते, मोजके लोक असतात. तुमची मेहनत त्यांच्यासाठी.

मग तेच शब्द गूगलच्या चौकटीत टाइप करून पाहा. पूर्ण करायच्या आधी खाली ज्या सूचना येतात, त्या लोकांनी खरोखर केलेल्या शोधांवरून येतात. देवनागरीत टाइप करा, इंग्रजीत करा, आणि आपण व्हॉट्सअॅपवर लिहितो तसं इंग्रजी अक्षरांतलं मराठीही करून पाहा. तिन्हींच्या सूचना वेगवेगळ्या येतात. पुण्यात तिन्ही प्रकारचे लोक आहेत: सदाशिव पेठेतल्या आजी माइकवर बोलून शोधतात, वाकडला भाड्याने राहणारा मुलगा इंग्रजीत शोधतो.

मग नकाशा

वेबसाइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करा. फुकट आहे. जुने लोक याला अजून "गूगल माय बिझनेस" म्हणतात. २०१४ मध्ये ते त्या नावाने आलं आणि २०२१ च्या शेवटी नाव बदललं. "जवळचं चष्म्याचं दुकान" असं शोधल्यावर नकाशासकट जी दोनतीन दुकानं वर दिसतात, ती या प्रोफाइलवरून येतात.

तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल स्वतःच सांगतं: शोधाशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि तो किती परिचित आहे. अंतर तुमच्या हातात नाही. खराडीत बसून शोधणाऱ्याला कोथरूडचं सलून सहसा दिसणार नाही, आणि त्यासाठी धडपडूही नये. आपल्या भागात तरी आपण दिसतो का, तेवढं बघायचं.

नाव पाटीवर आहे तेच द्या. नावापुढे "पुण्यातील सर्वोत्तम, कोथरूड, स्वस्त" असं जोडलेली प्रोफाइल्स तुम्हाला दिसतील. ते नियमात बसत नाही, आणि तक्रार झाली तर प्रोफाइल बंद पडतं. सणाच्या तोंडावर तसं झालं तर सुरू होईपर्यंत हंगाम निघून जातो.

मुख्य प्रकार, म्हणजे कॅटेगरी, निवडताना घाई करू नका. एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ जोड प्रकार देता येतात. सगळे भरायचा मोह टाळा. वजन मुख्य प्रकाराला असतं, तेव्हा सर्वांत नेमका असेल तोच तिथे घ्या. "दुकान" याच्यापेक्षा "चष्म्याचं दुकान" बरं. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात; वहीतले शब्द वापरून साध्या वाक्यांत लिहा.

वेळा हा विषय पुण्यात नीट सांभाळावा लागतो. दुपारी एक ते चार बंद ठेवत असाल तर एकाच दिवसाला दोन वेगळ्या वेळा देता येतात, सकाळची आणि संध्याकाळची. त्या द्या. सकाळी दहा ते रात्री नऊ असं एकच लिहून ठेवलंत, तर भर उन्हात हडपसरहून आलेला माणूस बंद शटरचा फोटो काढून एक तारा देतो, आणि त्याचं चुकत नाही. गणेशोत्सवात तर विशेष वेळांची सोय वापराच. लक्ष्मी रोडवर किंवा आसपास दुकान असेल, तर विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात हे आपल्याला माहीत असतं, नव्याने पुण्यात आलेल्याला नसतं.

नकाशावरची खूण स्वतः जाऊन तपासा. पेठांमध्ये हे फार होतं: पत्ता बरोबर, पण खूण मागच्या गल्लीत. वाड्याच्या आत दुकान असेल तर खूण बोळाच्या तोंडाशी आणून ठेवा. फोटोंमध्ये पहिला फोटो रस्त्यावरून दिसणाऱ्या दाराचा टाका, दुसरा बोळातून आत येतानाचा. गिऱ्हाईक पोचायला हवं, माल त्यानंतर दिसेल.

प्रोफाइल खरं आहे हे पटवून द्यायला आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. बाहेरचा रस्ता, पाटी, आतली जागा, आणि दुकान तुम्हीच चालवता याचा पुरावा, जसं की स्वतःच्या किल्लीने शटर उघडणं किंवा भिंतीवरचं शॉप अॅक्टचं प्रमाणपत्र, हे न थांबता एकाच व्हिडिओत घ्या. घरातून उद्योग करत असाल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल, तर पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी सेवा देता ते भाग लिहिता येतात, वीसपर्यंत. मावशीचा पत्ता असाच लपवलेला आहे. व्हिडिओत तिने मोदकपात्रं, भरलेले डबे आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी नोंदणीचा, चौदा आकडी क्रमांक दाखवला.

आणि एक गोष्ट पुतण्याने, भाच्याने किंवा दुसऱ्या कुणीही प्रोफाइल करून दिलं तरी पाहायचीच: मालक म्हणून तुमचाच ई-मेल हवा. करून देणारा व्यवस्थापक म्हणून राहू द्या.

डोमेन कुणाच्या नावावर

"इन्स्टाग्राम आहे की, वेबसाइट कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. खरं सांगायचं तर काहींना वेबसाइट लागतच नाही. दिवसाला दहाच डबे देणाऱ्या बाईंना चांगलं प्रोफाइल आणि व्हॉट्सअॅप पुरतं. पण दर, ऑर्डरची पद्धत, कुठे पोचवता, किती आधी सांगायचं, हे सगळं एका जागी कायम राहावं असं वाटत असेल, तर स्वतःचं घर हवं. इन्स्टाग्रामवरची पोस्ट चार दिवसांत खाली वाहून जाते.

घर म्हटलं की सातबारा आला. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्या ई-मेलवर, तुमच्या नावाने, तुमच्या कार्डाने घ्या. माझ्या ओळखीच्या एका छपाईवाल्यांचं डोमेन साइट करून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. तीन वर्षांनी त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं आणि मुदत संपून नाव गेलं. व्हिजिटिंग कार्डं, टेम्पोवरची अक्षरं, बिलबुकं, सगळं नव्याने करावं लागलं. साध्या डोमेनला वर्षाकाठी हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. तेवढ्यासाठी मालकी दुसऱ्याकडे ठेवू नका.

फुकटच्या पत्त्यांचंही तसंच. गूगल पूर्वी प्रोफाइलसोबत एकपानी वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली आणि कित्येकांच्या पाट्यांवरचे पत्ते निकामी झाले. "डॉट इन" किंवा "डॉट कॉम" घ्या. देवनागरीतलं "डॉट भारत" २०१४ पासून मिळतं आणि मला मनापासून आवडतं, पण सगळ्या ठिकाणी ते अजून सुरळीत चालत नाही. जोडीला घ्या, मुख्य पत्ता म्हणून नको.

पान लिहिताना

एका सेवेला एक पान. मोदक, पुरणपोळी आणि फराळ एकाच पानावर कोंबू नका. तीन पानं करा आणि ती एकमेकांना जोडा.

प्रत्येक पानाला एक शीर्षक असतं, गूगलवर निळ्या अक्षरांत दिसतं ते. मावशीच्या साइटवर सुरुवातीला ते होतं "मुखपृष्ठ – आपले स्वागत आहे". आता आहे: "उकडीचे मोदक, कर्वेनगर-कोथरूड घरपोच – एक दिवस आधी ऑर्डर", आणि शेवटी तिच्या उद्योगाचं नाव. लांब शीर्षक मोबाइलवर कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द पुढे, नाव मागे. शीर्षकाखालच्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रम बदलत नाही, पण ती वाचून माणूस दाबतो की पुढे जातो हे ठरतं. त्यात दर किंवा वेळ असं काही ठोस घाला. "कीवर्ड मेटा टॅग", म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, भरून देतो असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे नाही म्हणा. गूगल क्रमासाठी तो बघत नाही, असं त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

आता मजकूर. धायरीच्या एका पंप दुरुस्तीवाल्यांच्या पानावर लिहिलं होतं, "आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी दर्जेदार व तत्पर सेवा पुरवतो." हे वाक्य केकच्या दुकानालाही चालेल आणि ट्रॅव्हल कंपनीलाही. त्यांच्यासोबत अर्धा तास बसलो, त्यांची वही चाळली, आणि तिथे हे आलं: "बोअरवेलचा सबमर्सिबल पंप बाहेर काढून दुरुस्ती. मोटर फिरते पण पाणी चढत नाही, पंप सतत ट्रिप होतो, पॅनेल जळलं, टाकी भरली तरी मोटर बंद होत नाही, यांपैकी काहीही असलं तरी फोन करा. धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक आणि सिंहगड रोड. सोसायटीच्या कामाला जीएसटी बिल मिळतं." प्रत्येक ओळ कुणाच्या तरी तोंडून आलेली आहे. सोसायटीचा सेक्रेटरी रात्री अकराला, गच्चीवरून पाणी सांडत असताना, हेच टाइप करतो.

तुमच्या हातातलं ज्ञान पानावर उतरवा, कारण ते दुसऱ्याकडे नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेचं काम चालत आलंय. पितळेचं पातेलं विकणारा दुकानदार "कल्हई कधी करावी" यावर एक पान लिहू शकतो: आतला रुपेरी थर जाऊन पिवळं दिसायला लागलं की कल्हई संपत आली; त्या भांड्यात ताक, चिंच, कढी ठेवू नये; भांडं तापवून, नवसागर टाकून, वर कथील फिरवून कापसाने कसं पुसत नेतात; आणि आपल्याकडे ते करून मिळतं की नाही, किती दिवसांत. भट्टीतून निघणाऱ्या नवसागराच्या पांढऱ्या धुराचा स्वतः काढलेला फोटो त्या पानावर असला, तर विकत आणलेल्या शंभर चित्रांपेक्षा तो मोलाचा. यंत्राकडून एका दिवसात पन्नास लेख लिहून घेऊन साइट भरायची जी लाट आली आहे, ती इथेच अडते. लेख कशाने लिहिला याला गूगलची हरकत नाही. पण केवळ क्रम मिळवण्यासाठी ढिगाने टाकलेला मजकूर २०२४ पासून त्यांच्या नियमांत गैरवापर धरला जातो.

तीच गत गावांच्या यादीची. "बाणेरमध्ये पंप दुरुस्ती", "औंधमध्ये पंप दुरुस्ती" अशी फक्त भागाचं नाव बदललेली तीस पानं करू नका. त्या भागाबद्दल सांगण्यासारखं खरोखर काही असेल तरच वेगळं पान.

मराठी मजकुराची एक अडचण

याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगतो. आपल्याकडे पत्रकं, मेन्यूकार्डं, दरपत्रकं वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप झाली. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. या फॉन्टांच्या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या पद्धतीत संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. छापखान्यात काम भागतं. तोच मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की मुखवटा गळून पडतो आणि चिन्हांचा कचरा दिसतो.

त्यावर उपाय म्हणून बरेच जण मजकुराचं चित्र करून टाकतात. दिसायला सुबक असतं, पण चित्रातला मजकूर म्हणजे पानाचा मजकूर नव्हे. त्याच्या भरवशावर शोधात वर येणं अवघड. शिवाय अंध व्यक्तीच्या मोबाइलला ते वाचून दाखवता येत नाही, आणि दर बदलला की पुन्हा डिझायनरकडे जावं लागतं. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये हवा. तपासायची युक्ती सोपी: तुमच्या पानावरचं एक मराठी वाक्य मोबाइलवर कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. जसंच्या तसं मराठी आलं तर ठीक. चिन्हं आली, किंवा वाक्य निवडताच आलं नाही, तर तो मजकूर पुन्हा टाइप करायला घ्या. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पानं करा आणि एकमेकांना जोडा. एका बटणाने यंत्र भाषांतर करून देणारी सोय लावून निभावू नका. "पुरणपोळी"चं ती काय करेल सांगता येत नाही. पानाचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, "उकडीचे-मोदक" असं इंग्रजी लिपीत. देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची वीतभर लांब माळ होते आणि लोक ती दाबायला घाबरतात.

मोबाइलवर उघडून पाहा

गूगल तुमच्या साइटचं मोबाइलवरचं रूपच वाचतं. लॅपटॉपवर ती कशी दिसते याला आता फार अर्थ नाही. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर, मंडईच्या गर्दीत उभे राहून स्वतःची साइट उघडा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. उशीर होतो तो बहुतेक वेळा फोटोंमुळे: फोनमधून काढलेला चारपाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. दोनशे केबीच्या आसपास आणून चढवा. फोटोच्या जोडवर्णनात, ज्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात, फोटोत जे आहे ते साध्या शब्दांत लिहा. फोन नंबर दाबताच लागला पाहिजे, व्हॉट्सअॅपचं बटण अंगठ्याखाली यायला हवं. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षिततेचं एचटीटीपीएस आहे ना, तेही बघून घ्या.

गूगलने पाहिलं की नाही

नारायण पेठेतल्या एका चष्मेवाल्यांची साइट पाच महिने सुरू होती आणि गूगलवर दुकानाचं नाव टाकलं तरी येत नव्हती. कारण एका चौकोनातली बरोबरची खूण. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनाच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंग या भागात, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशी सूचना देणारा एक चौकोन असतो. काम चालू असताना तो भरून ठेवतात. काम झाल्यावर काढायचा राहून गेला. साइट ताब्यात घेताना तो चौकोन तुमच्या डोळ्यांदेखत उघडून पाहा.

एक झटपट तपासणी: गूगलमध्ये इंग्रजीत "साइट" लिहा, पुढे कोलन, आणि जागा न सोडता तुमचं डोमेन. नोंदलेली पानं साधारण दिसतात. नीट माहितीसाठी गूगल सर्च कन्सोल जोडा, तेही फुकट आहे. साइटमॅप, म्हणजे तुमच्या साइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, तिथे द्या, नवं पान झालं की त्याचा पत्ता टाकून नोंद मागा.

सर्च कन्सोलमध्ये महिन्यातून अर्धा तास घाला. कुठल्या शब्दांवर तुम्ही दिसलात आणि किती जणांनी दाबलं, हे तिथे सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येतं. दिसता खूप पण दाबत कुणी नाही, तर शीर्षक बदला. एखाद्या शब्दावर दहाव्याबाराव्या जागेवर असाल, तर त्या विषयाचं पान अजून भरीव करा. स्वतःच्या दुकानात बसून स्वतःला शोधत राहू नका. तुम्ही दुकानातच असल्यामुळे गूगल तुम्हाला वर दाखवतं आणि खोटा आनंद होतो.

रिव्ह्यू, आणि बाकीच्या याद्या

रिव्ह्यू मागायला लाजू नका. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो गल्ल्यापाशी लावा, किंवा माल पोचल्यावर एक मेसेज करा: "मोदक कसे झाले ते दोन ओळीत लिहाल का?" काय घेतलं ते लोक आपणहून लिहितात आणि पुढच्या वाचणाऱ्याला तेच हवं असतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, विकत तर मुळीच घेऊ नका. दोन्ही नियमाविरुद्ध आहे. वाईट रिव्ह्यू आला तर एक रात्र जाऊ द्या आणि मग उत्तर लिहा: काय झालं, काय करतो आहोत, कुणाला फोन करावा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा नंतर येणारे शंभर जण वाचतात.

जस्टडायल, फेसबुक, बिंग, अॅपलचे नकाशे, जिथे जिथे तुमची नोंद आहे तिथे नाव, पत्ता आणि फोन एकसारखा करा. जुना लँडलाइन कुठे तरी उरलेला असतोच. दुसऱ्या साइट्सनी तुम्हाला दिलेल्या लिंकचं वजन असतं, पण "हजार लिंक इतक्या पैशांत" हा प्रकार घेऊ नका. २०१२ पासून गूगल अशा जाळ्यांवर कारवाई करत आलं आहे. तुम्ही ज्या शाळेच्या कार्यक्रमाला माल दिलात, ज्या मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरात दिलीत, त्यांच्या साइटवर नाव आणि लिंक मागा. अशा तीन लिंक पुरेशा आहेत.

पैसे मागणारे फोन

"गूगलमधून बोलतोय, तुमचं प्रोफाइल आज बंद होणार" असा फोन आला की ठेवून द्या. प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. "पंधरा दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी" म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही हे गूगलनेच लिहून ठेवलंय, आणि फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं त्यांच्याच लोकांनी सांगितलं आहे. काम द्यायचंच असेल तर विचारा: कुठली पानं बदलणार, आधी काय होतं आणि नंतर काय केलं हे लेखी देणार का, सर्च कन्सोल माझ्या खात्यात राहील का.

गूगलवरची जाहिरात सगळं जागेवर आल्यावर. जाहिरातीला पैसे भरल्याने खालचा फुकटचा क्रम वाढत नाही. द्यायची झाली तर आपल्या भागापुरतीच द्या आणि "रेसिपी", "नोकरी" हे शब्द नकारात्मक यादीत घाला, म्हणजे मोदक शिकायला आलेल्यांच्या क्लिकचे पैसे तुम्हाला पडणार नाहीत.

पंचांग बघून काम

हंगामी धंदा असेल तर पान हंगामाच्या दोनतीन महिने आधी तयार हवं. गणपतीच्या मोदकांचं पान आम्ही आषाढात नीट करतो, फराळाचं गणपती बसायच्या आत. श्रावण संपताना शोध वाढायला लागतात, तोवर गूगलने पान वाचलेलं असतं.

पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली. अनंत चतुर्दशी झाल्यावर मोदकांचं पान काढून टाकलं आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं केलं. जुन्या पानाला लोकांनी दिलेल्या लिंक, सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरलेले पत्ते, सगळं वाया गेलं. आता पत्ता तोच राहतो, त्यात साल घालत नाही. उत्सव संपला की वरची ओळ बदलतो: "गणेशोत्सवाच्या ऑर्डर संपल्या. संकष्टीसाठी एक दिवस आधी कळवा." आणि मावशी वहीचं नवं पान उघडून वर तारीख घालते, कारण अंगारकीला कुणी तरी काही तरी नव्याच शब्दांत विचारतं.